कॅन्सरच्या उपचारात व्यायाम हेही औषधच

भिवंडीतून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे म्हणजे आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचे, मग लोकल. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) यासाठी घरातले सगळे ही धावपळ करतात. फिजिओथेरपीचा कागद मात्र फाइलमध्येच राहतो. "आता आराम कर, हात हलवू नकोस," असे मायेपोटी सांगितले जाते. वस्त्यांमध्ये भेटी देताना आम्ही हे वारंवार पाहतो. ज्यांचे पोट लूमवर, गोदामात किंवा घरकामावर चालते, त्यांचा खांदा आखडला तर आजारातून उठूनही रोजगार जातो.

स्तनाच्या ऑपरेशननंतर

काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो, हाताला सूज येऊ शकते. ही सूज काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. ऑपरेशननंतर मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे हे व्यायाम लवकर सुरू होतात. नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा असतो. नळी निघाल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढायचे. हात कुठवर पोचला तिथे खडूने खूण करावी. आठवड्याने फरक दिसतो.

त्या हाताला भाजणे, कापणे टाळा. भांडी घासताना हातमोजा घाला. सूज, लाली, ताप आला तर लगेच दवाखाना. सुजेवर तेल लावून जोरात रगडू नका. त्यासाठीचे मालिश आणि पट्टी बांधणे फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्यावे.

तोंडाच्या कॅन्सरनंतर

2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण पुड्या अजून मिळतातच. ऑपरेशन आणि शेक यांमुळे जबडा आवळत जातो. साधी तपासणी करा: स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर डॉक्टरांना सांगा. तोंड उघडले नाही तर जेवण पेजेवर येते, दात घासता येत नाहीत, पुढची तपासणीही अवघड होते. दिवसातून अनेकदा तोंड हळूहळू मोठे उघडून थोडा वेळ धरायचे. आइस्क्रीमच्या काड्या दातांत रचून एकेक वाढवण्याची पद्धतही आहे, पण ती शिकून मगच करावी. मानेचे ऑपरेशन झाले असेल तर खांदा खाली झुकू शकतो. त्याचेही व्यायाम विचारून घ्या.

केमो चालू असताना

थकवा येतो म्हणून दिवसभर पडून राहिले तर तो वाढतो. अंगणात, गल्लीत दहा मिनिटे चाला. झेपेल तसे वाढवा. ताप, चक्कर, धाप, छातीत दुखणे, रक्तस्राव किंवा हाडात नवे दुखणे असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. रक्तातल्या पेशी कमी असतील किंवा आजार हाडापर्यंत गेला असेल, तर विचारल्याशिवाय वजन उचलू नका.

घरच्यांनी काय करावे

सुटी मिळतानाच विचारा: कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, कधी थांबायचे? शक्य असेल तर फिजिओथेरपिस्ट शिकवत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. भगिनींनो, अंग दाखवायचा संकोच वाटत असेल तर स्त्री फिजिओथेरपिस्ट मागा. तो आपला हक्क आहे. आणि घरातल्या एकाने रोज व्यायामाला सोबत बसावे. गोळी चुकली तर आपण आठवण करतो, तशीच व्यायामाचीही करू या.