इंजिन दुसऱ्यांदा उघडण्यापूर्वी

मोटारसायकलच्या इंजिनाचे काम बिघडले, तर त्या बिघाडाचा खरा पुरावा इंजिनाच्या आतच असतो. आणि गाडी लवकर चालू व्हावी या घाईत ते इंजिन दुसऱ्यांदा उघडले गेले, आतले भाग पेट्रोलने धुऊन पुसले गेले, नवे भाग बसले आणि जुने भंगारात रवाना झाले, म्हणजे पहिल्या कारागिराने नेमके काय केले होते हे दाखविण्याचे कोणतेही साधन मालकाच्या हाती उरत नाही. दुसरा मिस्त्री जिभेवर साखर ठेवून सांगतो, की साहेब, आधीच्याने सगळेच चुकीचे बसवले होते. ते खरेही असते. पण त्याचे ते बोलणे कोणत्याही दप्तरात रुजू होत नाही, आणि पहिला गॅरेजवाला निर्धास्तपणे म्हणू शकतो, की माझ्या हातून गाडी ठणठणीत गेली होती. माझ्या परिचयातल्या अनेक सज्जन माणसांचे न्याय्य पैसे केवळ या एका कारणाने बुडालेले मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच माझ्यावर आलेला प्रसंग, त्यातून निघालेला मार्ग आणि त्या मार्गावर उपयोगी पडलेली कायद्याची व यंत्राची माहिती येथे सविस्तर नोंदवून ठेवावी असे मला वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. छत्रपती संभाजीनगरात कसबी हातांची वाण नाही. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर त्याला सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत वाढत गेले. त्यामुळे लेथवर उभा राहून हजारांश मिलिमीटरची भाषा बोलणारा माणूस या शहरात गल्लोगल्ली भेटतो, आणि नुसत्या आवाजावरून टायमिंग चेन सैल झाली की व्हॉल्व्ह, हे सांगणारे वृद्ध उस्तादही भेटतात. माझे गाऱ्हाणे या धंद्याविषयी नाही. एका विशिष्ट कामाविषयी आणि त्या कामाची जबाबदारी टाळण्याच्या वृत्तीविषयी आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो आणि सिडकोतून रोज मोटारसायकलने जातो. गाडी जुनी होत गेली तशी ती चढावर आणि वेग घेताना निळसर धूर सोडू लागली व इंजिन ऑइल पिऊ लागली. वेग घेताना येणारा निळा धूर बहुधा रिंगांची आणि सिलिंडरची झीज दाखवितो; रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना क्षणभर येणारा तसाच धूर व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवितो; काळा धूर आला तर पेट्रोलचे प्रमाण जास्त होत आहे असे समजावे. एवढा भेद ठाऊक असला तरी मालकाला अनावश्यक कामापासून स्वतःला वाचविता येते. माझ्या गाडीला ज्याला गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन काम म्हणतात ते खरोखरच हवे होते: सिलिंडरचा ब्लॉक लेथवाल्याकडे बोअरिंगला देणे, पाव मिलिमीटर वाढीव मापाचा पिस्टन व रिंगा घालणे, व्हॉल्व्ह घासून बसविणे आणि नवी गॅस्केटे लावणे. एका गॅरेजने ते पत्करले, सांगितलेल्या दिवशी गाडी दिली, आणि धूर खरोखर थांबला. पण थोड्याच दिवसांत इंजिनाच्या माथ्यावरून टकटक असा कोरडा आवाज येऊ लागला, तो वाढत गेला, आणि अखेर नगर रस्त्यावर छावणीच्या पुढे इंजिन जागच्या जागी जॅम झाले.

येथून पुढे जे केले त्यावरच पुढच्या साऱ्या प्रकरणाचा निकाल अवलंबून होता. किक मारून पाहण्याचा मोह आवरून मी गाडी जशीच्या तशी टेम्पोत घालून नेली, मीटरवरच्या आकड्याचे व इंजिनाचे छायाचित्र तेथेच घेतले, आणि गॅरेजच्या मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळविले, की इंजिन बंद पडले आहे, ते कोणीही उघडलेले नाही, आणि आपल्या समक्षच ते उघडावयाचे आहे. त्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले: तुम्ही रनिंग पाळले नाही, गाडी गरम पळविली, पिस्टन चिकटला. बोअरिंगनंतर पहिल्या काहीशे किलोमीटरांत इंजिन बेताने चालवावे लागते हे खरेच आहे, आणि मालकाने तसे न केल्यास दोष कारागिराकडे जात नाही. म्हणूनच हा आक्षेप नुसत्या बोलण्याने खोडून काढता येत नाही. तो इंजिनानेच खोडून काढावा लागतो.

गॅरेजवाला प्रथम समक्ष उघडण्यास तयार नव्हता. गाडी ठेवून जा, बघतो, एवढेच त्याचे म्हणणे. मी गाडी ठेवली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक विषय शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या वसाहतीत राहतात, त्यांना इंजिन तपासण्याची विनंती केली. दिवस, वेळ आणि जागा लिहून गॅरेजला पूर्वसूचना पाठविली, आणि आपण आला नाहीत तरी आपल्या गैरहजेरीत परीक्षण होईल असेही त्यात नमूद केले. या एका वाक्यामुळे तो आला. जे येत नाहीत त्यांच्याविरुद्धही अशी सूचना पुढे कामी येते, कारण संधी दिली असता ती नाकारली हे कागदावर उरते.

इंजिन उघडण्याआधी या निवृत्त गुरुजींनी जे केले ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांनी प्रथम ऑइल मोजले. ते पुरेसे होते. मग चेंबरचा नट काढून ते स्वच्छ भांड्यात घेतले, त्याचा रंग पाहिला, त्यात धातूचा कीस आहे का ते पाहिले आणि ते बाटलीत भरून ठेविले. त्यानंतर हेड उतरविले. कॅमशाफ्ट निळा-काळा पडलेला होता, रॉकर आर्मच्या टोकाची कातडी सोलल्यासारखी निघाली होती, आणि कॅमचे बेअरिंग कोरडेठाक होऊन अडकले होते. ब्लॉक उचलला तेव्हा पिस्टन मात्र तेलाने ओलसर होता आणि सिलिंडरच्या भिंतीवर एकही ओरखडा नव्हता. गॅरेजवाल्याच्या आक्षेपाचे उत्तर येथेच मिळाले. कारण गाडी गरम पळविली असती किंवा तेलावाचून चालविली असती, तर तेच तेल खाली क्रँकला व पिस्टनलाही मिळत असल्यामुळे प्रथम तेथे नाश दिसला असता. खाली सर्व सुरक्षित आणि वर सर्व दग्ध, याचा अर्थ तेल होते, पण वर पोचत नव्हते.

न पोचण्याचे कारण ब्लॉकच्या तळाशी सापडले. या प्रकारच्या इंजिनात तेल खालच्या पंपाने ढकलले जाते आणि ब्लॉकमधल्या एका अरुंद वाटेने हेडपर्यंत चढते. ब्लॉकखालच्या कागदी गॅस्केटला त्या वाटेसाठी नेमके छिद्र ठेविलेले असते. तेल पाझरू नये म्हणून कारागिराने गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना चिकटद्रव्य सढळ हाताने थापले होते, बोल्ट आवळताना ते आत सरकले, आणि त्याचा रबरासारखा बोळा त्या छिद्रात जाऊन बसला होता. आपल्या शहराला मलिक अंबरच्या नहरीचे उदाहरण ठाऊक आहे: मातीच्या नळांतून दूरवरून येणारे पाणी एका ठिकाणी गाळाने अडले, की उगमाशी विपुल पाणी असूनही पुढचा हौद कोरडा पडतो. इंजिनाच्या माथ्यावर तेच घडले होते. असे काम केल्यावर टॅपेटचे झाकण सैल करून, इंजिन क्षणभर चालवून, तेल वर येते की नाही हे डोळ्यांनी पाहण्याचा जाणत्या मिस्त्रींचा शिरस्ता आहे. त्याला वेळ फारसा लागत नाही आणि खर्च काहीच होत नाही. ज्यांना इंजिनाचे काम करवून घ्यावयाचे आहे त्यांनी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी हे एक दृश्य आपल्यासमोर दाखविण्याचा आग्रह अवश्य धरावा.

गुरुजींनी आढळलेल्या गोष्टींचा पंचनामा जागीच लिहिला. त्यात गाडीचा, इंजिनाचा व चॅसीचा क्रमांक, मीटरवरचा आकडा, तेलाचे माप, प्रत्येक भागाची स्थिती, आणि तो बोळा कोठे सापडला हे नमूद केले. मते कमी आणि निरीक्षणे अधिक, असे त्याचे स्वरूप ठेविले. हजर असलेल्या दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या. गॅरेजवाल्याने सही नाकारली, तेव्हा नाकारल्याची नोंद केली. सर्व जुने भाग व तो बोळा पिशवीत घालून सीलबंद केले. ज्यांना असा माहितगार शेजारी लाभत नाही, त्यांनी तंत्रनिकेतनातल्या यंत्र विभागाच्या अध्यापकांना किंवा अपघातग्रस्त वाहने तपासणाऱ्या परवानाधारक विमा सर्वेक्षकाला रीतसर शुल्क देऊन अहवाल घ्यावा; प्रतिस्पर्धी गॅरेजचा अहवाल शक्यतो टाळावा, कारण त्याच्या हेतूवर शंका घेणे सोपे असते.

हा पंचनामा फलदायी ठरला तो आधीच्या कागदांमुळे. गाडी देताना मी मीटरच्या आकड्यासह तपशीलवार अंदाजपत्रक लिहून घेतले होते, बदललेले जुने भाग परत मागितले होते, नव्या पिस्टनचा खोका ठेविला होता, आणि मजुरी व माल यांची वेगळी पावती घेतली होती. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे पावती मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ऑइल कोणते घातले हेही पावतीवर लिहून घ्यावे. मोटारसायकलचा क्लच बहुधा तेलात बुडालेला असतो, आणि मोटारगाडीसाठीचे घर्षण कमी करणारे तेल त्यात पडले तर क्लच घसरू लागतो, म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी. दोन्ही बाजूंनी असे कागद असले, म्हणजे प्रामाणिक कारागिराचेही तितकेच संरक्षण होते, हे मी गॅरेजवाल्याला वारंवार सांगितले.

पैशांच्या बाबतीत पुष्कळ लोक संतापाच्या भरात एक गोष्ट करतात: काम बिघडलेले दिसताच मजुरी अडवितात, आणि गॅरेजवाला गाडी अडवितो. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 170 प्रमाणे कारागिराला, ठरल्या हेतूनुसार केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आहे. काम ठरल्याप्रमाणे झालेच नाही असा युक्तिवाद आपल्याला करता येतो, परंतु तो करीत असताना गाडी, म्हणजे आपला पुरावा, त्याच्या ताब्यात राहते. त्यापेक्षा हक्क राखून व हरकत नोंदवून रक्कम देत आहे असे लिहून पैसे द्यावेत, गाडी सोडवून आणावी, आणि मग दाद मागावी.

दाद मागण्याची वाट आज पूर्वीच्या मानाने सुगम आहे, आणि ती सुगम होण्यासाठी या महाराष्ट्रात पुष्कळांनी झीज सोसली आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, आणि 24 डिसेंबर 1986 रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आजच्या कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आणि गॅरेज दुसऱ्या गावी असले तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल होते, ही प्रवासात गाडी बिघडून परगावी काम करविणाऱ्यांना मोठीच सोय आहे. आयोगापुढे सेवेतील न्यूनता सिद्ध करण्याचा भार मात्र तक्रारदारावरच असतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि स्पीड पोस्टाने, पोच राखून, नोटीस पाठवावी. नोटिशीत विशेषणे घालू नयेत, तारखा, आकडे आणि मागणी एवढेच लिहावे.

माझ्या प्रकरणात नोटिशीसोबत पंचनाम्याची प्रत आणि त्या बोळ्याचे छायाचित्र गेले, आणि गॅरेजवाला बोलणीला आला. नवा कॅमशाफ्ट, रॉकर, बेअरिंग आणि गॅस्केटे त्याच्या खर्चाने, काम मी सांगेन त्या मिस्त्रीकडे, आणि पहिल्या कामाची मजुरी परत, असे ठरले. टेम्पोचे भाडे आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई मी सोडली. तेवढ्यासाठी आयोगापुढे तारखा घेण्याची माझी तयारी नव्हती, पण ज्यांची गाडी हेच पोट भरण्याचे साधन आहे अशा पार्सल पोचविणाऱ्या मुलांनी ती सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तडजोड लेखी करावी, आणि ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांवर पैसे किंवा गाडी हातात पडताक्षणी सही करू नये. मी सहीची अट अशी घातली, की इंजिन नव्याने बांधल्यावर टॅपेटचे झाकण उघडे ठेवून तेल वर चढताना दोघांनी पाहावे, गाडी ठरावीक किलोमीटर चालवून पहिले ऑइल लवकर बदलावे, त्यात कीस नाही याची खात्री करावी, आणि मगच पावती लिहून सीलबंद पिशवी गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावी.