पगडीवाले सगळेच वाईट का?

‘नार्निया’ची पुस्तकं मुलांच्या हातात देताना आपण फारसा विचार करत नाही. बोलणारा सिंह, कपाटामागे उघडणारं जग, त्यात वावगं काय असणार! पण त्याच मालिकेतलं १९५४ चं ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ आमच्या सोसायटीच्या वाचनालयात परत करताना सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “काकू, यातले पगडीवाले सगळेच वाईट का?” शेजारी उभी असलेली तिची आई पटकन म्हणाली, “अगं, गोष्ट आहे ती!” आणि विषय मिटला.

तो मिटायला नको होता, म्हणून हे हितगुज.

मुलीचं निरीक्षण अचूक होतं. सी. एस. लुईसनं वाळवंटापलीकडचं कॅलोर्मेन रंगवलंय ते अरब-तुर्कांबद्दलच्या जुन्या युरोपीय कल्पना उचलूनच. सावळे, दाढीवाले, वाकड्या तलवारींचे, गोड बोलणारे आणि निर्दय लोक. लुईसच्या डोळ्यांपुढे आजचा दहशतवाद नव्हता. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र तो टीव्हीवरून, मोबाइलवरून, मोठ्यांच्या गप्पांतून रोज येतो. मग त्या पगडीखाली त्यांना बातम्यांतला चेहरा दिसतो. टॉल्किननंही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल म्हटलं होतं, की आपल्याला रूपककथा आवडत नाही, गोष्ट कशाला लावून बघायची ते वाचकानं ठरवावं. मुलं तेच करत असतात, आपल्याला न विचारता.

अशा प्रश्नावर घराघरांत ठरलेली उत्तरं असतात. “गोष्ट आहे ती” हे त्यातलं सौम्य. “बरोबरच आहे, ते लोक असेच!” हे दुसरं; आणि खरं सांगायचं तर फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमुळे हे आता फारच पुढे गेलंय. तिसरं उत्तर सुशिक्षित घरांतलं: “शूऽ, असं बोलायचं नाही.” याला पोलिटिकल करेक्टनेस म्हणतात, आणि तो मला निव्वळ ढोंग वाटत नाही. वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला ‘ते लोक’ ऐकावं लागू नये, एवढी काळजी घेण्यात वाईट काय? पण नुसतं गप्प केलं, तर मूल दुसऱ्या उत्तराकडे जातं. ते उत्तर देणारे कायम हजर असतात.

पुस्तकं धुऊन काढण्याचा एक प्रयोग मध्यंतरी झाला. २०२३ मध्ये पफिन प्रकाशनानं बाललेखक रोआल्ड डालच्या पुस्तकांतून ‘जाडा’सारखे शब्द काढले, ओरडा झाला, मग जुन्या मजकुराच्या आवृत्त्याही ठेवू असं जाहीर करावं लागलं. गंमत म्हणजे डालच्याच ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधले कामगार, ऊम्पा-लूम्पा, १९६४ साली आफ्रिकेतून आणलेले होते. टीका झाल्यावर ते चित्र खुद्द डालनंच पुढे बदललं. लेखकानं बदलणं आणि त्याच्या माघारी दुसऱ्यानं कात्री चालवणं यात मला फरक वाटतो.

म्हणून कात्री न लावता त्या मुलीला मी जाताजाता एवढंच विचारलं, “मग अरॅविस कोण गं?” नको असलेलं लग्न टाळून घोड्यावरून पळालेली, पुस्तकातली सगळ्यांत धीट मुलगी! ती त्याच पगडीवाल्यांची लेक. मुलगी गडबडली, पुस्तक पुन्हा घरी घेऊन गेली.

पुढे १९५६ च्या ‘द लास्ट बॅटल’मध्ये तर लुईसनं कमाल केलीय. एक लबाड माकड भोळ्या गाढवाला सिंहाचं कातडं पांघरतं आणि ‘ही अस्लानची (म्हणजे नार्नियातल्या देवासमान सिंहाची) आज्ञा’ म्हणून झाडं तोडायला लावतं, बोलत्या प्राण्यांना राबवतं. पंचतंत्रातलं वाघाच्या कातड्यातलं गाढव माहीत असलेल्या आपल्या मुलांना हे लगेच कळतं. देवाचं नाव घेऊन अत्याचार करणारे आपल्याही बाजूला असू शकतात, हे याहून सोपं करून कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. त्याच पुस्तकात एमेथ नावाचा कॅलोर्मेन सैनिक आहे, कॅलोर्मेनांच्या ताश या देवाचा निष्ठावंत भक्त. अस्लान त्याला जवळ घेतो: तू जे चांगलं केलंस ते कुणाच्याही नावानं केलं असलंस तरी मला पोचलं, आणि माझ्या नावानं केलेलं क्रौर्य ताशकडे जातं, असा त्याच्या बोलण्याचा आशय. तरी लुईसनं भक्त वाचवला आणि त्याचा देव मात्र राक्षसच ठेवला. ही खोट मुलांना दाखवायला हरकत नाही. असुरकुळातल्या प्रल्हादाच्या गोष्टीवर वाढलेली मुलं आहेत, पेलतील.

थोड्या मोठ्या मुलांसाठी सहावा हॅरी पॉटर. तो १६ जुलै २००५ ला आला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ माणसं गेली त्यानंतर नऊच दिवसांनी. लिहून झाला होता त्याआधीच. पण त्यातलं जादूचं सरकार घरोघरी सुरक्षेची पत्रकं वाटतं. खऱ्या ब्रिटिश सरकारनंही २००४ मध्ये अशी पुस्तिका वाटली होती. जादूच्या सरकारच्या पत्रकाप्रमाणे, दारात उभा असलेला आपलाच नवरा आहे ना, हे ओळखायला हॅरीच्या मित्राच्या आईनं, मिसेस वीझलींनी, खाजगी प्रश्न विचारायचा. मग मिस्टर वीझलीही उलट विचारतात, एकांतात मी तुला काय म्हणतो? आत हॅरी बसलेला! मुलं इथे खदखदून हसतात. आणि मग जादूच्या बसचा कंडक्टर स्टॅन शनपाइक दुष्ट जादूगारांचा साथीदार म्हणून पकडला जातो. त्याचा काही संबंध नाही हे जवळपास सगळ्यांना माहीत, पण सरकार काहीतरी करतंय हे दिसायला हवं ना! हॅरी ते थेट जादूमंत्र्याच्या तोंडावर बोलतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेले लोक २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले, ही बातमी आठवीतल्या मुलाला समजावताना मला स्टॅनचा फार उपयोग झाला.

याचा अर्थ गुळमुळीत बोला असा नाही. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याबद्दल विचारलं तर स्पष्ट सांगावं: लष्कर-ए-तय्यबाचे दहा जण पाकिस्तानातून समुद्रमार्गे आले, त्यांनी १६६ माणसं मारली. त्याच दमात हेही सांगावं, की मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. एमेथ कळलेल्या मुलाला हे जास्तीचं समजवावं लागत नाही.

‘द लास्ट बॅटल’ मात्र अकराच्या आत देऊ नका, शेवट जड आहे. आणि पुस्तक मुलानं वाचलंय, आपण नाही, अशी स्थिती असेल (बहुधा असतेच) तर त्यालाच गोष्ट सांगायला लावा. कुणाला ‘आपले’ म्हणतंय आणि कुणाला ‘ते’, तेवढं नीट ऐका.