वजनाचं ऑपरेशन आणि डॉक्टरांचं ‘नको’

प्रश्न : माझं वय ४३, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ९२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांची शुगर ८.९च्या खाली येत नाही. रात्री खूप घोरते आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. डाएट, जिम, काढे, सगळं करून झालं. दहा-बारा किलो उतरतात आणि वर्षभरात परत येतात. बॅरिॲट्रिक ऑपरेशनबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘‘असली थेरं कशाला? तोंडावर ताबा ठेवा आणि चाला.’’ गुडघ्याच्या डॉक्टरांनी ‘आधी वजन कमी करा, मग या’ म्हणून परत पाठवलं. घरी मिस्टर म्हणतात, डॉक्टरच नको म्हणतायत तर विषय संपला. डॉक्टरांच्या मनाविरुद्ध जाऊन ऑपरेशन करून घेणं योग्य आहे का? की त्यांना पटवता येईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ऑपरेशन तुम्हाला लागू पडतं का, हा एक. ज्या डॉक्टरांवर आजवर भिस्त ठेवली तेच नको म्हणत असताना पुढे जायचं कसं, हा दुसरा. पहिल्याचा निकाल तपासण्यांनंतरच लागेल. पण तुम्ही विचारलंत यात काहीही वावगं नाही, हे तुमचे आकडेच सांगतात. म्हणून आधी आकडे पाहू.

किलोमधलं वजन घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. तुमचा ३७.८ येतो. हे ऑपरेशन कोणासाठी, याचा सर्वमान्य ठोकताळा अमेरिकेत १९९१ साली ठरला : बीएमआय ४०च्या पुढे, किंवा ३५च्या पुढे आणि जोडीला वजनामुळे बळावलेला गंभीर आजार. बऱ्याच डॉक्टरांच्या डोक्यात आजही तेच आकडे पक्के आहेत, आणि त्या जुन्या मापातही तुम्ही बसता. २०२२ साली या शाखेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ते माप बदललं. आता ३५च्या पुढे दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच त्याचा विचार करावा, असं त्या म्हणतात.

आशियाई लोकांना वेगळं माप का, याचं एक बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपल्या लोकांच्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते, आणि ती पोटात, यकृताच्या आसपास साठते. त्यामुळे मधुमेह आपल्याला कमी वजनावर गाठतो. ‘तुम्ही काही एवढ्या लठ्ठ दिसत नाही’ असं कोणी म्हणालं, तर डॉक्टरांचंही ते म्हणणं डोळ्यांच्या अंदाजावर असतं, हे लक्षात ठेवा.

आता ‘थेरं’ या शब्दाकडे येऊ. हे ऑपरेशन म्हणजे मशीन लावून चरबी ओढून काढणं, असा समज फार पसरला आहे. ती लायपोसक्शन. ती कातडीखालची चरबी काढते, तिच्याने मधुमेह हलत नाही. बॅरिॲट्रिक ऑपरेशन जठरावर आणि आतड्यावर होतं. स्लीव्ह प्रकारात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. भूक चाळवणारं ग्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न आतड्यात लवकर पोचतं, तिथली संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि इन्शुलिनचं काम सुधारतं. म्हणूनच पुष्कळ रुग्णांची शुगर वजन उतरण्याची वाट न बघता काही दिवसांतच खाली येते.

आणि ‘तोंडावर ताबा’? वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला झटतं. भूक वाढते आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च घटतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धा संपून सहा वर्षं झाली, बहुतेकांचं बरंच वजन परत आलं, तरी त्यांच्या शरीराचा रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. म्हणजे साधारण पाच पोळ्यांचा फरक, रोजच्या रोज. तुमचे दहा-बारा किलो परत येतात त्यामागे हे आहे. तुमच्या निश्चयात खोट आहे असं कोणी सुचवलं तर ते मनाला लावून घेऊ नका. इतक्या वेळा नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला निश्चयाचे धडे द्यायची गरज नसते.

एवढं असताना डॉक्टर नको का म्हणतात? कारणं वेगवेगळी असतात आणि ती वेगळी करून पाहणं हेच तुमचं पहिलं काम आहे. काही जुन्या भीती खऱ्या इतिहासातून आल्या आहेत. १९५०च्या दशकापासून आतड्याचा फार मोठा भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया केली जायची. वजन झरझर उतरायचं, पण काही रुग्णांचं यकृत निकामी झालं, आणि ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. त्या काळची बदनामी आजच्या ऑपरेशनलाही चिकटून राहिली. १९९०च्या दशकात दुर्बिणीतून ही ऑपरेशनं होऊ लागली. आता चांगल्या केंद्रांत त्यातला मृत्यूचा धोका पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास धरला जातो. दुसरं कारण अगदी माणसासारखं : डॉक्टरांच्या एखाद्या पेशंटचं बिघडलेलं असतं. ज्यांचं नीट झालं ते त्यांच्याकडे फारसे फिरकत नाहीत, बिघडलेला पेशंट मात्र वारंवार समोर येतो. तिसरं कारण म्हणजे जाड माणूस दिसला की तो खातच असणार, हा ग्रह. तो समाजात आहे तसाच दवाखान्यातही आहे, आणि त्यापायी लोक तपासायला जायचंच टाळतात. हे मला फार चिंतेचं वाटतं.

पण काही वेळा डॉक्टरांचं ‘नको’ बरोबर असतं. थायरॉइडच्या आजारामुळे किंवा स्टेरॉइडच्या औषधांमुळे वजन वाढलेलं असेल, दारूचं व्यसन असेल, नैराश्यावर उपचार झालेले नसतील, वर्षभरात मूल हवं असेल, किंवा ऑपरेशननंतर नियमित तपासायला येणं शक्यच नसेल, तर थांबायला सांगणारा डॉक्टर तुमच्या हिताचंच बोलतो. तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मधुमेह जितका जुना, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी. नऊ वर्षांनंतर ‘गोळ्या कायमच्या सुटतील’ असं वचन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीन महिन्यांची शुगर ६ किंवा त्याखाली आणणारे लोक केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते, बायपासच्या गटात २९ टक्के आणि स्लीव्हच्या गटात २३ टक्के. फरक मोठा आहे, पण शंभरातल्या शंभरांना गुण आला असं कुठेच झालेलं नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातले निम्मे ऑपरेशन झालेले, निम्मे न झालेले. २००७ पर्यंत न झालेल्यांत १२९ मृत्यू होते आणि झालेल्यांत १०१. डॉक्टरांशी बोलायला हे आकडे उपयोगी पडतील.

तर बोलायचं कसं? ओपीडीत बाहेर वीस माणसं बसलेली असताना, बीपी मोजता मोजता हा विषय काढू नका. त्या घाईत मिळणारं उत्तर घाईचंच असतं. फोन करून वेगळी वेळ मागा. जाताना एक कागद न्या. त्यावर गेल्या काही वर्षांचं वजन सालवार, कोणता आहार किती महिने केला, किती उतरलं आणि कधी परत आलं, चालू औषधं, शुगरचे रिपोर्ट. मिस्टरांनाही बरोबर न्या, म्हणजे घरी त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. आणि ‘ऑपरेशन करू का?’ असं विचारण्याऐवजी विचारा, ‘‘डॉक्टर, माझ्या तब्येतीत असं काय आहे ज्यामुळे तुम्ही नको म्हणता? आणि ऑपरेशन नाही केलं तर पुढच्या पाच वर्षांत माझ्या शुगरचं काय होईल, आपण काय वेगळं करणार?’’ या प्रश्नाला ‘चाला’ एवढं उत्तर पुरत नाही. त्यांच्याकडे वैद्यकीय कारण असेल तर ते निघेल, आणि तुमचा फायदाच होईल. कदाचित ते नवीन इंजेक्शनं सुचवतील. तोही रास्त पर्याय आहे. फक्त त्यांतलं सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे, म्हणून किती वर्षं घ्यायचं आणि महिन्याचा खर्च किती, तेही विचारा.

त्याच भेटीत घोरण्याच्या तपासणीची चिठ्ठी मागा. घोरणं आणि दिवसा डोळा लागणं यावरून झोपेत श्वास अडकत असावा अशी शंका येते. ऑपरेशन होवो न होवो, ही तपासणी लवकर व्हायला हवी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती लागते. बीपीबद्दलही एक सांगून ठेवते : दंड जाड असेल आणि नेहमीचा पट्टा त्यावर ताणून बांधला, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा मागून घ्या.

कारण न देता नुसतंच ‘नको’ आलं, तर दुसरं मत घ्या. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तुमचे कागद मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावेत, असं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांत आहे. बॅरिॲट्रिक सर्जनकडे जायला फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी असावीच लागते असंही नाही. मात्र मधल्या पायरीवर मधुमेहतज्ज्ञ असला तर चांगलं. तुमच्यासारख्या केसमध्ये तो पुष्कळदा दोन्ही बाजू समजून घेतो, आणि फॅमिली डॉक्टरही त्याचं पत्र मनावर घेतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा की वजन किती आणि कशाने कमी करायचं. नुसतं ‘कमी करा’ हा सल्ला अर्धाच राहतो.

मेडिक्लेम असेल तर फॅमिली डॉक्टरांची फाइल आणखी महत्त्वाची ठरते. विमा नियामकाच्या नियमांत जुनंच माप आहे : वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि जोडीला हृदयरोग, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा औषधांनी आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार. म्हणजे औषधं कोणती, कधीपासून आणि तरी शुगर किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच सिद्ध करावं लागतं. त्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याशी भांडून निघू नका.

एक सावधगिरी उलट बाजूनेही बाळगा. पहिल्याच भेटीत तारीख देणारा, ‘आज बुक केलं तर सवलत’ म्हणणारा, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना न भेटवता टेबलावर घेणारा सर्जन हा नको म्हणणाऱ्या डॉक्टरापेक्षा जास्त धोक्याचा. त्याला विचारा : वर्षाला किती ऑपरेशनं करता, काही बिघडलं तर रात्री कोण बघतं, स्लीव्ह की बायपास आणि मला तेच का, ॲसिडिटीचा त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढेल का. वजन किती उतरेल, याचं प्रामाणिक उत्तर साधारण पंचवीस ते तीस टक्के असतं. तुमच्या बाबतीत ९२ वरून ६५ ते ७० किलोच्या आसपास, तेही दीड-दोन वर्षांत. पुढे त्यातलं थोडं परतही येऊ शकतं.

फॅमिली डॉक्टरांना तोडू नका म्हणते त्याचं मुख्य कारण ऑपरेशननंतरचं आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या आयुष्यभर लागतात. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे जास्तच लक्ष हवं. बायपासनंतर गुडघ्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते, आणि त्या लिहून देणारे बहुधा जवळचेच डॉक्टर असतात. त्यांना तुमच्या पोटात काय बदल झालाय हे माहीत असायलाच हवं. म्हणून निर्णय काहीही झाला तरी सर्जनचं पत्र त्यांच्या हातात द्या. ऑपरेशन ठरलं, तर शुगर पहिल्या आठवड्यातच उतरू शकते आणि जुन्या डोसने ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्या आठवड्यात गोळ्या कोण कमी करणार, कोणाला फोन करायचा, हे तारीख घेण्याआधी दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या.