गळती कुठून झाली, ते आधी शोधा

माझ्या मुलीचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेने परत केला. तिच्या नावावर एका लोन ॲपचं थकलेलं कर्ज दिसत होतं. आम्ही ते कधी घेतलंच नव्हतं. त्या कंपनीकडून कर्जाची कागदपत्रं मागवली, तेव्हा उलगडा झाला. फोटो आणि सही, दोन्ही तिच्या विद्यापीठाच्या प्रवेश अर्जावरचीच होती. अर्जाच्या चौकटीत सही मावली नव्हती, त्यामुळे शेवटचा फराटा अर्ध्यात कापला गेला होता. कर्जाच्या कागदावरही तो नेमका तिथेच कापलेला होता. विद्यापीठाने मात्र माहिती फुटल्याचं आम्हाला कधीच कळवलं नव्हतं.

असं अनेकांच्या बाबतीत घडू शकतं. एप्रिल 2023 मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची 94,195 हॉल तिकिटं टेलिग्रामवर फिरली होती. म्हणून या धावपळीत जे कळलं, ते इथे सांगते. यात तक्रारी दोन असतात. एक, तुमचं नाव वापरणाऱ्या भामट्याविरुद्ध. दुसरी, ज्यांनी माहिती नीट सांभाळली नाही त्यांच्याविरुद्ध. दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या की एकही धड पुढे सरकत नाही.

आधी भामट्याची तक्रार. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सीखाली दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे ठाण्यात नुसता साधा अर्ज ठेवून घेतला तर समाधान मानू नका, एफआयआरचा आग्रह धरा. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना लेखी कळवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. क्रेडिट रिपोर्टमधल्या खोट्या कर्जाबद्दल क्रेडिट माहिती कंपनीकडे वेगळी तक्रार करा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या मुलीच्या नावावरचं कर्ज याच वाटेने निघालं.

आता दुसरी तक्रार. इथे बहुतेक पालक हात टेकतात, आणि तेच मला सलतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम 43-एनुसार संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करून नुकसान करणाऱ्या संस्थेकडून भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. न्यायनिर्णय अधिकारी तेच असतात. हा अधिकार कागदावरच राहिलेला नाही. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी ऑनलाइन फसवणुकीच्या एका प्रकरणात पुण्यातल्या कंपनीला 45 लाख रुपये देण्याचा आदेश एका सरकारी बँकेला दिला होता.

अडचण अशी की हे कलम व्यावसायिक संस्थांना लागू होतं. सरकारी विद्यापीठ त्यातून अंग काढून घेऊ शकतं. ऑनलाइन प्रवेशाचं कंत्राट घेतलेल्या खासगी कंपनीला ते तितकं सोपं नाही. म्हणून माहिती अधिकारात विचारा: कंत्राट कुणाकडे होतं? करारात माहितीच्या सुरक्षेची अट कोणती होती? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला घटना कधी कळवली? ती सहा तासांत कळवणं 2022 पासून बंधनकारक आहे. कुलसचिवांनाही पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आमच्या दाव्यात सगळ्यात जड पारडं त्या कापलेल्या फराट्याचं आहे. तेव्हा भरलेल्या अर्जाची पीडीएफ, अपलोड केलेल्या मूळ फाइली आणि आलेले मेसेज काहीही पुसू नका.

ग्राहक मंचाचा सल्ला अनेक जण देतात. पण महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजित कौर या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणारं विद्यापीठ ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा पुरवत नाही असं म्हटलं आहे. त्या वाटेवर भिस्त ठेवू नका. सरकारी विद्यापीठ दादच देत नसेल, तर अनेक विद्यार्थ्यांनी मिळून उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने ठरवलंच आहे.

'नवा कायदा येतोय, थांबा' असंही सांगितलं जातं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती काही पडत नाही. शिवाय त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्याच वेळी भरपाई देणारं कलम 43-ए रद्द होणार आहे. ज्यांचं नुकसान झालं आहे, त्यांनी ते कलम हाताशी आहे तोवर वकील गाठून दावा दाखल करावा.