खुर्ची ते बसफुगडी : पन्नाशीच्या आसपास अंगात ताकद परत आणण्याची कृती

भाचीच्या मंगळागौरीत मला फुगडीला ओढलं तेव्हा मी ४६ वर्षांची होते. चार गिरक्यांत धाप लागली. तेवढं चालून गेलं असतं. पण आरतीला उठताना मी एक हात सतरंजीवर टेकला आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या काकूंचा आधार घेतला. काकू सत्तरीच्या होत्या आणि त्या कधीच उठून उभ्या राहिल्या होत्या.

घरी येऊन मी वजनाच्या मागे लागले. तीन महिने सकाळी काकडी आणि रात्री नुसतं सूप. ९ किलो उतरले, नात्यात कौतुक झालं. पुढच्या दीड वर्षात ११ किलो परत आले आणि जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला, जो आधी लागत नव्हता. उपाशी राहून, व्यायामाशिवाय वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. वजन परत येतं तेव्हा मात्र बहुतेक चरबीच्याच रूपात येतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू असाही झिजतच असतो. त्यात मी स्वतःच्या हाताने भर घातली होती.

४९व्या वर्षी, दिवाळीचा फराळ संपल्यावर, पुन्हा सुरुवात केली आणि क्रम उलटा ठेवला : आधी पाय, मग ताट, वजनकाटा सगळ्यात शेवटी. पुढच्या श्रावणापर्यंत नऊ महिने लागले. ती कृती इथे देते आहे. पुरुषांनाही ती तशीच लागू आहे.

साहित्य

स्वतःच्या उंचीएवढी सुती दोरी, हात नसलेली भक्कम खुर्ची, मोढा, चौरंग, पाट, मोकळी भिंत, टाचेला घट्ट बसणारे बूट, ५ किलोची कणकेची पिशवी, दोन बादल्या, एक वही. जिमची वर्गणी भरायची असेल तर भरा. चांगला शिकवणारा असेल तर फायदाच आहे. तो नसेल तरी अडत नाही.

१. आधी रक्त आणि रक्तदाब

उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. चढताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, चालताना डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर पुढचं काहीही करण्याआधी डॉक्टर. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून औषधाचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून मगच ताटाला हात लावा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण मी ती कुणालाच गाळू देत नाही.

२. दोरीचं माप

उंचीएवढी दोरी बरोबर मध्ये दुमडा. सकाळी उठल्यावर, श्वास सहज सोडून, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती फिरवा. टोकाला टोक भिडलं तर ठीक. जेवढं अंतर उरेल ते वहीत तारखेसह लिहा. माझी उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे दुमडलेली दोरी साडेसत्याहत्तर. पोट होतं ९४. आपल्याकडे स्त्रीची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की ती धोक्याची मानतात.

दोरीवर एवढा भर का, तर त्याचं कारण पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतो, हे त्या एका फोटोने दाखवलं. ‘माझं वजन बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांनीही दोरी फिरवून पाहावी ती यासाठीच.

३. खुर्ची, मोढा, चौरंग, पाट

सगळ्या कृतीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, हात छातीवर दुमडलेले. टाचा जमिनीत दाबून उभे राहा. मग मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली बसा. धपकन बसायचं नाही. खाली जाताना आवरण्यातच मांडीला खरं काम पडतं. गुडघे आत वळू देऊ नका, ते पावलांच्या दिशेनेच राहू देत.

पहिल्या दिवशी ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजून वहीत लिहा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ आणि पुरुषाला १४ वेळा जमलं नाही, तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात. मी ४९व्या वर्षी ९ वेळा उठले होते.

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, ८ वेळा उठबस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ८, पुन्हा ८. तिन्ही फेऱ्या १२ पर्यंत सहज गेल्या की बैठक खाली आणा. खुर्चीनंतर मोढा, मोढ्यानंतर चौरंग, चौरंगानंतर पाट. मला मोढ्यापर्यंत यायला सहा आठवडे लागले आणि चौरंगावर मी तीन महिने अडकले होते. पाटावरून उठता येऊ लागलं की तालमीतली बैठक तुमच्या आवाक्यात आली असं समजा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना जाणवेल. त्याची भीती नको, दोन दिवसांत ते ओसरतं. मात्र गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली, तर एक पायरी वर जा. चौरंगावरून पुन्हा मोढ्यावर येण्यात कमीपणा नाही.

४. शतपावली आणि चालणं

जेवण झाल्यावर शंभर पावलं चालण्याची पद्धत आपल्या घरांत होती. ती परत आणा आणि शंभरवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर पाय हलले की रक्तातली साखर स्नायू ओढून घेतात. रात्रीच्या जेवणानंतर हे नक्की करा, दुपारी जमलं तर उत्तमच.

वेगळं चालणं आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या : पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं पाच वेळा, आणि दर आठवड्याला ३ मिनिटांची वाढ. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. चौथ्या महिन्यापासून मी रविवारी पर्वती चढायला लागले. १०३ पायऱ्या, रुंद आणि ठेंगण्या. सुरुवातीला मध्ये दोनदा थांबत असे. तुमच्या गावात टेकडी नसेल तर इमारतीचा जिना आहेच. गुडघे कुरकुरत असतील तर चढायला जिना आणि उतरायला लिफ्ट घ्या.

५. ताट

चाळिशीनंतर अंगातला जाळ कमी होतो, म्हणून वजन वाढतं, असं आपण धरून चालतो. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो माणसांची मोजमापं मांडली. अंगाच्या आकाराचा आणि स्नायूंचा हिशोब धरला तर वीस ते साठ या वयात शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ तेवढाच राहतो. मला या माहितीने फार धीर आला. कमी झालेली गोष्ट म्हणजे माझा स्नायू आणि माझी हालचाल, आणि दोन्ही परत आणता येतात.

पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, तेही खरं. त्यावर वेगळं औषधी चूर्ण शोधू नका. त्याही काळात हेच ताट आणि हीच खुर्ची.

ताटात आधी प्रथिनं वाढवा, मग बाकीचं कमी करा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ग्रॅम प्रथिन धरा, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. आपल्या स्वयंपाकात सोय भरपूर आहे, वाढण्याचं प्रमाण मात्र उलटं आहे : उसळ वाटीच्या तळाशी आणि भाताचा ढीग. मटकी, हुलगे, चवळी, मसूर या कोरड्या कडधान्यांत १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिन असतं, बेसनातही साधारण तेवढंच. अंड्यात ६ ग्रॅम, पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८ च्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात किंवा चिकनमध्ये २० च्या आसपास किंवा थोडं जास्त. तेव्हा रोज दुपारी घट्ट उसळीच्या दोन वाट्या, रात्री पिठलं, डाळ, अंडी किंवा मासे, आणि एखादी मोठी वाटी दही. त्यानंतर पोळी किंवा भाकरी यांपैकी एकच, आणि भात अर्धी वाटी. कोशिंबीर आणि पालेभाजी कितीही.

आता काय कमी करायचं. पहिलं तेल. महिन्याचा डबा आणाल त्या दिवशी झाकणावर तारीख टाका. माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्यात पुरलं पाहिजे. एक लहान चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. फोडणीत तो चमचा चार वेळा बुडतो तेव्हा लक्षात येत नाही. दुसरं दाण्याचं कूट. शेंगदाणा पौष्टिक आहे, पण मूठभर दाण्यांत १७० कॅलरी असतात आणि आपण कूट प्रत्येक भाजीत, कोशिंबिरीत आणि खिचडीत घालतो. दिवसातून एकाच पदार्थात घाला. तिसरी चहातली साखर. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की जीभ तक्रार करत नाही.

उपवासाबद्दल थोडं जास्तच बोलते, कारण माझं वजन तिथेच अडत असे. साबुदाण्यात जवळजवळ नुसतं पिष्ट असतं. वर दाणे, तूप, बटाटा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही. उपास सोडू नका, त्यातले पदार्थ बदला : वरी आणि दाण्याची पातळ आमटी, दही, ताक, फळं, राजगिरा. साबुदाण्याची खिचडी एकदाच, वाटीभर.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत, डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली, अनेकांना मानवते. मधलं चरणं थांबतं, हा तिचा मोठा गुण. मला दोन जेवणांत प्रथिनं पुरी करता येईनात, म्हणून मी तीन वेळा जेवते आणि मध्ये काही खात नाही. जे वर्षभर पाळता येईल ते घ्या.

६. भिंतीचे जोर आणि ओझं

बैठकीच्याच दिवशी हातांचंही काम करा. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेका. अंग फळीसारखं सरळ ठेवून कोपरं दुमडा, नाक भिंतीजवळ न्या, परत या. १० चे तीन वेळा. जमलं की भिंतीऐवजी स्वयंपाकघराचा ओटा, मग पलंगाची भक्कम कड, शेवटी जमीन. मी अजून पलंगाच्या कडेवर आहे.

कणकेची पिशवी चौरंगावर ठेवून उचला. कंबर मागे ढकलायची, पाठ सरळ, पिशवी अंगाजवळ. नंतर दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन घरातून दोन चकरा. ओझं उचलल्याने हाडांनाही ताण मिळतो, आणि पाळी गेल्यावर हाडांना त्याची गरज असते.

सूर्यनमस्कार येत असतील तर जरूर घाला. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत पोचवले, त्यामुळे आपल्या पिढीला ते लहानपणापासून ठाऊक आहेत. सुरुवात चारने करा. मनगट किंवा कंबर दुखत असेल तर आधी महिनाभर भिंतीचे जोर.

७. आता वजनकाटा

सहा आठवड्यांनी काटा बाहेर काढा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. महिन्याला एक ते दीड किलो उतरलं तर पुरे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी चालणं आणि खाणं सुधारलं तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. म्हणून काटा हलला नाही तरी दोरी आणि खुर्चीचे आकडे पाहा. माझं वजन नऊ महिन्यांत ७१ वरून ६३ झालं, पोट ९४ वरून ८३. दोरीचं टोक अजून भिडलेलं नाही.

महिनाभर तिन्ही आकडे जागेवरच राहिले, तर आठ दिवस तोंडात जाणारं सगळं वहीत लिहा, मुलांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. माझा अडथळा तिथेच सापडला. झोप सहा तासांहून कमी होत असेल तर आधी झोप सावरा. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते.

८. बसफुगडी

पाटावरून १२ वेळा उठता आलं, की खिडकीच्या गजांसमोर उकिडवं बसा, गज धरा आणि एक पाय पुढे टाकून मागे घ्या, मग दुसरा. सुरुवातीला दोन्हीकडे चार चार वेळा, अगदी सावकाश, अनवाणी, सुक्या फरशीवर. पंधरा दिवसांनी गज सोडून समोर जोडीदार घ्या. तिची उंची आणि वजन आपल्याइतकंच असावं, म्हणजे ओढ सारखी बसते. हात मनगटापाशी धरा, नुसती बोटं धरू नका. नऊवारीचा काष्टा गुडघ्याशी सैल ठेवा. पहिल्या मंगळवारी सहा पावलांवर थांबा, दमलेलं नसलं तरी, आणि पुढच्या मंगळवारी आठ करा.