टिंबापुढचा आकडा

साइट बंद पडल्याचा फोन आला की नवा माणूस पहिलं काय करतो, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयआयएस-रीसेट मारतो. तू ते करू नकोस, बाळ. त्या एका कमांडने सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट खाली बसतात. ज्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं, त्यांच्याही लोकांची लॉगिन तुटतात. कधी साइट पुन्हा उभी राहतेही, पण मग कारण कळत नाही, आणि कारण कळलं नाही म्हणजे ती परवा पुन्हा पडणार. रीस्टार्ट करणं भागच असेल तर ज्या साइटची तक्रार आहे तिचा ॲप्लिकेशन पूल तेवढा रीसायकल कर. तेही एरर नीट वाचून झाल्यावर.

विंडोज सर्व्हरच्या कामावर आता रुजू झालीस, म्हणून मामाचं हे एक मागणं आहे: वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. काय बिघडलंय ते आयआयएस बहुतेक वेळा स्वतःच अचूक सांगतं. "४०४ येतोय", "५०० येतोय" असं म्हणणारी माणसं निम्माच आकडा सांगत असतात. खरी माहिती असते टिंबाच्या पुढे. ४०४.० म्हणजे फाइल खरोखरच जागेवर नाही. ४०४.३ म्हणजे फाइल आहे, पण या प्रकारची फाइल कशी द्यायची हे सर्व्हरला ठाऊक नाही. ४०४.८ म्हणजे तू मागितलेल्या पत्त्यात बिन किंवा ॲप-डेटासारखा लपवलेला भाग आहे. ४०४.१३ म्हणजे वर चढवलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. ही मर्यादा मुळात ३ कोटी बाइट, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस एमबी असते. चारही वेळा बाहेरच्या माणसाला दिसतं ते एकच, "पान सापडलं नाही". म्हणून ४०४ ऐकून फाइल शोधत बसणाऱ्याचा अख्खा दिवस जातो.

पूर्ण आकडा बाहेरून दिसत नाही. सर्व्हर तपशील फक्त घरच्यांना सांगतो, कारण बाहेरच्याला फोल्डरचे मार्ग आणि कोडच्या ओळी दाखवणं धोक्याचं असतं. ही सोय मोडून सगळ्यांना तपशील दाखवायचा मोह कधी धरू नकोस. त्याऐवजी रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जा आणि तिथल्याच ब्राउझरमध्ये साइट उघड. टिंबापुढचा आकडा, कोणत्या मॉड्यूलवर गाडी अडली, फाइलचा खरा मार्ग, सगळं एका पानावर येतं. आणखी एक फायदा असा, की आत साइट नीट उघडते आणि बाहेरून उघडत नाही असं दिसलं, तर आयआयएसची झाडाझडती घ्यायची गरज बहुधा उरत नाही. मग डीएनएस बघ, विंडोज फायरवॉल बघ, सर्व्हर क्लाउडवर असेल तर तिथलं वेगळं फायरवॉल बघ. पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड नाव आणि ४४३ पोर्ट देऊन बाहेरच्या मशीनवरून चालव. दार उघडं आहे की बंद, ते तिथेच कळतं.

तक्रार येऊन गेलेली आणि आता सगळं ठीक दिसतंय, असं असेल तेव्हा लॉग. सी ड्राइव्हवर इनेटपब, त्यात लॉग्ज, त्यात लॉगफाइल्स आणि त्यात प्रत्येक साइटचं वेगळं फोल्डर. इथे आपल्याकडची बरीच मुलं एका गोष्टीला फसतात. लॉगमधली वेळ आपल्या घड्याळाची नसते, यूटीसीची असते. सांगलीचा ग्राहक म्हणतो, पावणेबाराला साइट पडली. तू लॉगमध्ये ११.४५ बघतेस, तिथे सगळं सुरळीत, आणि तू त्याला सांगतेस की आमच्याकडे काही झालं नाही. साडेपाच तास वजा कर. तुला ६.१५ ची ओळ बघायची आहे. रोजची नवी फाइलसुद्धा आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होते. १६ तारखेला पहाटे ४ वाजता झालेला घोटाळा १५ तारखेच्या फाइलमध्ये सापडेल.

ओळ सापडली की तिच्या शेवटाकडचे आकडे बघ. समज, तिथे ४०१, ३, ५ असे तीन आकडे ओळीने आहेत आणि त्यांच्यानंतर वेळ मोजणारा आकडा आहे. पहिले दोन मिळून ४०१.३ झाले, म्हणजे फाइलवरचे हक्क आडवे आले. तिसरा आकडा विंडोजचा स्वतःचा आहे आणि ५ म्हणजे प्रवेश नाकारला. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच साक्ष मिळाली. आता पासवर्डवर, कोडवर, डेटाबेसवर शंका घ्यायचं कारण नाही, त्या फोल्डरची सिक्युरिटी उघडून बघायची. शेवटचा वेळेचा आकडा मिलिसेकंदात असतो. "साइट हळू चालते" या तक्रारीला तेवढा एक स्तंभ पुरतो. नुकतीच आलेली ओळ लॉगमध्ये दिसत नसेल तर घाबरू नकोस, ती अजून फाइलमध्ये उतरलेली नसते. एक लक्षात ठेव, आयआयएस जुने लॉग आपणहून कधीच पुसत नाही. सी ड्राइव्ह भरून सर्व्हर गुदमरला, असं कारण फार ठिकाणी निघतं. लॉग दुसऱ्या ड्राइव्हवर ने आणि जुने काढायचं काम वेळापत्रकाला लाव.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घे, कारण नव्या साइटच्या तक्रारी मुख्यतः इथल्याच असतात. प्रत्येक ॲप्लिकेशन पूलला विंडोज स्वतःची एक ओळख देतं. फोल्डरवर हक्क देताना "आयआयएस ॲपपूल", मग उलटी तिरकी रेघ, मग पूलचं नाव असं टाइप करायचं. हे नाव यादीत शोधून मिळत नाही, हातानेच लिहावं लागतं. सर्व्हर डोमेनमध्ये असेल तर खिडकीतलं लोकेशन आधी त्याच सर्व्हरवर आण, नाहीतर असं नाव अस्तित्वातच नाही असं उत्तर येईल. लॉगिन न करता येणाऱ्या पाहुण्यांसाठी आययूएसआर हे वेगळं खातं असतं, तेही विसरू नकोस. दोघांना वाचायचा हक्क पुरतो. लिहायचा हक्क फक्त अपलोडच्या फोल्डरवर द्यायचा, आणि त्याच फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालवायची परवानगी काढून घ्यायची. घाईत "एव्हरीवन, फुल कंट्रोल" देऊन साइट चालू करणारे बरेच भेटतील. त्यातलं कोणी वयाने, हुद्द्याने मोठं असलं तरी तू ते करू नकोस. त्या दिवशी साइट चालते आणि पुढे कधीतरी परकी फाइल त्याच वाटेने आत येते.

हक्कांचीच आणखी एक गोम आहे. एकाच ड्राइव्हवर फोल्डर कट करून दुसरीकडे पेस्ट केलं, तर जुन्या जागेचे हक्क बरोबर येतात. कॉपी केलं, तर नव्या जागेचे लागतात. डेव्हलपरने डेस्कटॉपवर उघडलेली झिप तिथून कट करून साइटच्या फोल्डरमध्ये टाकली, की ४०१.३ ठरलेला. म्हणून कॉपी कर आणि मूळ प्रत नंतर पुसून टाक.

आता ५००.१९. नवीन सर्व्हरवर साइट हलवलीस की हा भेटणारच. याचा अर्थ कोड चालायच्या आधीच गाडी थांबली, वेब डॉट कॉन्फिग वाचतानाच. त्याच पानावर आठ अक्षरी कोड असतो, त्याची शेवटची चार अक्षरं बघ. ०००५ असेल तर फाइल वाचायचाच हक्क नाही. ००२१ असेल तर फाइलमधला एखादा विभाग वरून कुलूपबंद आहे. बहुधा सर्व्हरवर एएसपी डॉट नेटचं फीचरच चढवलेलं नसतं, ते चढवलं की कुलूप निघतं. ००बी७ असेल तर तीच नोंद दोनदा झाली आहे. आणि ०००डी असेल तर एक्सएमएल मोडलंय किंवा फाइलमध्ये असा विभाग आहे ज्याची सर्व्हरला ओळख नाही. या शेवटच्या प्रकारात एक्सएमएल डोळ्यांनी तपासत बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचार: जुन्या सर्व्हरवर यूआरएल रीराइट होतं का? ते आयआयएसबरोबर येत नाही, वेगळं चढवावं लागतं. डॉट नेट कोअरची साइट असेल तर होस्टिंग बंडलचंही तसंच. ते बंडल आयआयएसच्या आधी चढवलं गेलं असेल तर सगळं असूनही साइट उठत नाही. बंडलचा इन्स्टॉलर पुन्हा चालवून रिपेअर केलं की उठते.

५०३ हा मात्र वेगळ्या घरचा. या वेळी साइटच्या लॉगमध्ये ओळच सापडत नाही आणि माणूस गोंधळतो. कारण हे उत्तर साइटपर्यंत पोचायच्या आधीच खालचा एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर देतो. त्याचा लॉग विंडोज, सिस्टिम३२, लॉगफाइल्सच्या आत एचटीटीपीईआरआर या फोल्डरमध्ये असतो. ५०३ दिसला की आधी पूल चालू आहे का बघ. पाच मिनिटांत पाच वेळा प्रोसेस कोसळली की आयआयएस तो पूल स्वतःहून बंद करतं, मुळातली मांडणीच तशी आहे. नुसतं स्टार्ट दाबून निघून गेलीस तर तो पुन्हा बंद होईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम आणि ॲप्लिकेशन हे दोन्ही लॉग बघ. पूल एखाद्या खास खात्यावर चालत असेल आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणी बदलला असेल, तर ते इथेच लिहिलेलं मिळतं.

काही तक्रारी मुळात बिघाडच नसतात. "सकाळी पहिल्यांदा साइट उघडायला फार वेळ लागतो" ही त्यातली एक. २० मिनिटं कोणी आलं नाही की पूल झोपतो, मग पहिल्या पाहुण्याला त्याला उठवावं लागतं. "अधूनमधून, रोज वेगळ्याच वेळी लॉगिन आपोआप सुटतं" ही दुसरी. पूल दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी रीसायकल होतो आणि मेमरीत ठेवलेली सेशन जातात. दोन्ही आकडे बदलता येतात. रीसायकलची वेळ रात्रीची ठरवून टाक.

आपल्याकडच्या सहकारी संस्था, शाळा, छोटी कार्यालयं यांच्या जुन्या साइट हातात येतील तेव्हा दोन गोष्टी आठव. पहिली, ॲक्सेसचा डेटाबेस. त्याचा जुना जेट ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा आहे. ६४-बिट सर्व्हरवर "प्रोव्हायडर नोंदलेला नाही" असा एरर येतो. त्या साइटला स्वतःचा पूल दे आणि त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये ३२-बिट ॲप्लिकेशनला परवानगी दे, काम झालं. दुसरी, मराठी फॉन्ट. जुन्या आयआयएसला डब्ल्यूओएफएफ२ हा फॉन्टचा प्रकार माहीत नसतो. तिथे साइट उघडते, अक्षरंही दिसतात, पण ग्राहकाने निवडलेल्या वळणाची नाही, विंडोजच्या मंगल किंवा निर्मलाची. डिझायनर सीएसएस तपासत राहतो. लॉगमध्ये फॉन्टच्या फाइलपुढे ४०४.३ असतो. माइम टाइपमध्ये एक नोंद केली की अक्षर फिरतं.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. यादीत आलं आणि खिडकी पुन्हा उघडल्यावर गायब झालं, तर त्याची खासगी किल्ली या सर्व्हरवर नाही. ज्या मशीनवर विनंती तयार केली होती तिथून पीएफएक्स फाइल किल्लीसकट काढून आण. एकाच आयपीवर अनेक साइट असतील तर प्रत्येक बाइंडिंगमध्ये होस्ट नेम भर आणि एसएनआयच्या चौकटीत खूण कर, नाहीतर एका साइटचं सर्टिफिकेट दुसरीवर दिसेल. आयआयएस ८ पासून ही सोय आहे.

आणि एक सापळा, जो कुठल्याही एररमध्ये दिसत नाही. ॲप्लिकेशनहोस्ट डॉट कॉन्फिग ही मुख्य फाइल ३२-बिट एडिटरने उघडू नकोस. विंडोज त्या एडिटरला मुकाट्याने सिसवाऊ६४ या दुसऱ्याच फोल्डरकडे वळवतं. तू बदल करतेस, सेव्ह करतेस, आणि आयआयएस जी फाइल वाचतं ती जशीच्या तशी राहते. विंडोजचं स्वतःचं नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, ते योग्य जागीच जातं.

उद्या कामावर गेलीस की कशालाही हात लावण्याआधी ॲपसीएमडीची ॲड बॅकअप ही कमांड तारखेचं नाव देऊन चालव. सर्व्हरची मांडणी इनेटएसआरव्हीमधल्या बॅकअप फोल्डरमध्ये जाऊन बसेल. मात्र साइटच्या फायली, त्यांच्यातले वेब डॉट कॉन्फिग आणि सर्टिफिकेटं त्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी घे, आणि ती त्याच सर्व्हरवर ठेवू नकोस.