गिझरच्या पोटातला चुना

प्रश्न : सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलचे पाणी सुरू झाले की गिझर तापायला वेळ लावतो, साबणाला फेस येत नाही. तुरटी फिरवून उपयोग होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार नाही. आजीच्या माठातली युक्ती इथे लागू पडत नाही!

खडकांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेते. ते तापले की विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि चुनखडीचा थर कॉइलवर चढतो. कॉइलला जणू गोधडीच गुंडाळलेली. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, वीज जास्त जळते आणि एक दिवस कॉइलच जळते. गिझरमधून तडतड आवाज येऊ लागला, की थर जमला असे खुशाल समजावे.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात या क्षारांमुळे येणारा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही गिझरला छळू शकते. म्हणून आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग खर्च.

आकडा मोठा निघाला, तर हे क्षार काढून घेणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, सोसायटीच्या टाकीलाच बसवणे परवडते. त्यातल्या रेझिनला वेळोवेळी मिठाचे पाणी द्यावे लागते, हे विक्रेते हळू आवाजात सांगतात. स्वयंपाकघरातल्या आरओचा गिझरला काडीचा उपयोग नाही.

तोवर गिझर ५०-५५ अंशांवर ठेवावा आणि वर्षातून एकदा मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्यावा. किटलीचा थर मात्र घरीच, व्हिनेगरने निघतो.